बुडालेल्या पैशाचे पाप कोणाला?

मराठी घरात कर्जाची धास्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. बापाचे देणे पोराने फेडायचे, दारात वसुलीवाला आला की आवाज खाली करायचा, आणि देणे ठेवून गेलेल्या माणसाबद्दल तेराव्यालासुद्धा कुजबुज व्हायची. अशाच घरातला मुलगा किंवा मुलगी आज पुण्यात, बंगळुरूत स्टार्टअप काढते, ज्यांच्याशी ना नाते ना ओळख अशा लोकांकडून वीस कोटी रुपये उचलते, तीन वर्षांत ते संपतात, कंपनी बंद होते. आणि वसुलीला कोणीही येत नाही. घरावर जप्ती नाही, जामीनदाराला नोटीस नाही. वर्षभराने तीच व्यक्ती नव्या कल्पनेसाठी पुन्हा भांडवल मागायला उभी राहते आणि कधी कधी तोच गुंतवणूकदार पुन्हा चेक फाडतो. आजोबांच्या लेखी ही व्यक्ती बुडवी, गुंतवणूकदाराच्या लेखी अनुभवी संस्थापक. कायद्याने काही देणे उरलेले नाही हे दोघांनाही मान्य आहे. माझा प्रश्न त्याच्या पलीकडचा, धर्माचा आहे: कायद्याचे देणे संपले तरी माणसाच्या माथी काही उरते का, आणि उरत असेल तर नेमके काय?

याची दोन तयार उत्तरे आहेत. एक म्हणते, करार झाला, जोखीम सांगितली, सही झाली. पुढे पाप-पुण्याचा संबंध नाही. दुसरे म्हणते, परक्याचा पैसा तो परक्याचाच, बुडाला तर जन्मभर मान खाली. मला दोन्ही उत्तरे आळशी वाटतात. माझे म्हणणे असे की या व्यवहारात मुद्दल खरोखरीच माफ असते, आणि प्रामाणिकपणे बुडालेल्या पैशाचा अपराधभाव बाळगणे हा गैरसमज आहे. पण हिशेब माफ नसतो. तो एक दिवसही माफ नसतो, आणि संस्थापकाचे सगळे नैतिक ओझे त्या हिशेबात आहे.

आधी व्यवहार नीट पाहू. बँक कर्ज देते तेव्हा व्याज ठरते, हप्ता ठरतो, तारण लागते, आणि छोट्या कंपनीच्या बाबतीत बहुधा संचालकाची वैयक्तिक हमीही घेतली जाते. व्हेंचर कॅपिटल फंड यातले काही मागत नाही. भारतात तो बहुतेक वेळा सक्तीने रूपांतरित होणारे प्राधान्य समभाग घेतो: कंपनी विकली गेली तर आपली रक्कम आधी काढून घेण्याचा हक्क, कंपनी फळफळली तर मोठा वाटा, आणि बुडाली तर शून्य. या शून्याची किंमत त्याने आधीच वाट्यात धरलेली असते. १९५७ साली बोस्टनच्या अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनने डिजिटल इक्विपमेंट या नवजात कंपनीत ७०,००० डॉलर घातले आणि बदल्यात ७० टक्के मालकी घेतली. दहा-अकरा वर्षांनी त्या वाट्याची किंमत ३५ कोटी डॉलरच्या वर गेली. या एका आकड्यात हा सगळा धंदा आहे. एक कंपनी एवढे देऊन जाते की बाकीच्या बुडाल्या तरी फंड तरतो. तेव्हा बुडणाऱ्या संस्थापकाने आपण सावकाराला लुबाडले असे मानणे म्हणजे स्वतःला उगाच मोठे समजणे आहे; त्याचे बुडणे हिशेबात धरलेलेच होते.

हा विचार पश्चिमेकडून परवा आला असे वाटत असेल तर आपल्याच धर्मशास्त्राकडे पाहावे. मनुस्मृतीने तंट्यांचे अठरा प्रकार पाडले, त्यांत कर्ज हा एक प्रकार, ठेव हा दुसरा, अनेकांनी भांडवल एकत्र करून केलेला धंदा, म्हणजे संभूयसमुत्थान, हा आणखी वेगळा, आणि जुगार हा शेवटचा. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात या सर्वांचे विवेचन आहे. परक्याचा पैसा हातात येण्याच्या या वेगवेगळ्या तऱ्हा आहेत आणि प्रत्येकीचे कर्तव्य निराळे, ही जाण त्या मांडणीत आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत तारण ठेवून घेतलेल्या कर्जावर महिन्याला ऐंशीवा भाग, म्हणजे सव्वा टक्का व्याज आहे. पण घनदाट रानातून माल नेणाऱ्याला महिना दहा टक्के आणि समुद्रावर जाणाऱ्याला वीस टक्के. जहाज बुडाले तर मुद्दलही जाणार, म्हणून दर चढा. आणि भागीदारीच्या धंद्याबद्दल तीच स्मृती सांगते की नफा-तोटा ज्याच्या त्याच्या भांडवलाप्रमाणे किंवा आधी ठरल्याप्रमाणे वाटून घ्यावा. तोटा झाला म्हणून कुणी पापी ठरत नाही. पुढची अट मात्र महत्त्वाची आहे. भागीदारांनी मनाई केलेले काम केले, न विचारता परस्पर केले, किंवा गाफीलपणाने माल घालवला, तर ज्याने घालवला त्याने तो भरून द्यावा. उलट संकटातून माल वाचवणाऱ्याला दहावा हिस्सा जास्त. आणि जो भागीदार कपटाने वागेल त्याला नफा न देता बाहेर काढावे. मिताक्षराकार विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात बसून ज्या ग्रंथावर टीका लिहिली, त्यात टर्म शीटची, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींच्या कागदाची, निम्मी कलमे सापडावीत हे मला गमतीचे वाटते.

इथे एक आक्षेप येणारच, आणि तो यायला हवा. ज्या स्मृतींनी व्याजाचा दरसुद्धा वर्ण पाहून दोन, तीन, चार, पाच टक्के असा चढता ठेवला, ज्यातली मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळावी लागली, त्या ग्रंथांना नीतीचा आधार कसा मानायचा? आधार म्हणून मी त्यांना मानतच नाही. त्यांना मी साक्षीदार म्हणून पुढे आणतो. व्यापाऱ्यांच्या तांड्यांनी आणि श्रेणींनी शतकानुशतके भांडून, फसून, मिटवून घेऊन जे नियम बसवले, ते कुणीतरी श्लोकात बांधले. वर्णाचा दर टाकून द्यावा. गाफीलपणाचा तोटा आणि दैवाचा तोटा यांतला फरक ठेवून घ्यावा. हाच फरक इस्लामी व्यवहारशास्त्रातल्या मुदारबातही आहे: भांडवल एकाचे, मेहनत दुसऱ्याची, तोटा झाला तर भांडवलवाल्याचे पैसे जातात आणि मेहनतवाल्याचे कष्ट, पण मेहनतवाल्याने हयगय किंवा लबाडी केली असेल तर भरपाई त्याच्याकडून. एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या परंपरा एका निष्कर्षावर येतात तेव्हा तो निष्कर्ष पोथीतून आलेला नसून बाजारातून आलेला असतो.

आजचा अनुभवही तेच सांगतो. वेबव्हॅन ही घरपोच किराणा देणारी अमेरिकन कंपनी १९९९ साली शेअर बाजारात आली आणि जुलै २००१ मध्ये बंद पडली. सुमारे ८० कोटी डॉलर गेले. तिने अवाढव्य गोदामे बांधली, मागणी तेवढी नव्हती. निर्णय चुकला, आणि तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चुकला. रक्ततपासणीच्या थेरानोस या कंपनीचेही साधारण तेवढेच, ७० कोटी डॉलरहून अधिक गेले. पण तिची संस्थापक एलिझाबेथ होम्स जानेवारी २०२२ मध्ये दोषी ठरली आणि तिला सव्वाअकरा वर्षांची शिक्षा झाली. पैसा बुडवल्याची ती शिक्षा नव्हती. रक्ततपासणीच्या यंत्राबद्दलच्या अहवालांवर फायझरसारख्या औषधकंपन्यांची बोधचिन्हे लावून ते अहवाल पुढे पाठवले गेले होते; ती चिन्हे आपण स्वतः लावली हे तिने न्यायालयात कबूल केले. २०१४ मध्ये १० कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न येईल असे गुंतवणूकदारांना सांगितले गेले, प्रत्यक्षात आले एक लाखाच्या आसपास. गेलेला पैसा जवळपास सारखाच आहे. एका कंपनीच्या नावावर फसलेला धंदा एवढीच नोंद राहिली, दुसरीची संस्थापक तुरुंगात गेली, आणि मधला फरक आकड्याच्या खरेपणाचा आहे.

आकडा खोटा होतो म्हणजे काय होते, ते जवळून पाहण्यासारखे आहे, कारण बोधचिन्हे चिकटवण्याइतके धाडस फार थोड्यांकडे असते. बहुतेक वेळा खोटे इतके लहान असते की ते बोलणाऱ्यालाही खोटे वाटत नाही. समजा एका सॉफ्टवेअर कंपनीला एप्रिलमध्ये एक गिऱ्हाईक मिळाले. त्याने वर्षाची फी १२ लाख रुपये आगाऊ भरली, त्यावर १८ टक्के जीएसटी. खात्यात १४ लाख १६ हजार जमा झाले. यातले २ लाख १६ हजार सरकारचे. ते पुढच्या महिन्यात भरायचे आहेत. उरलेल्या १२ लाखांपैकी एप्रिलअखेर कंपनीने कमावला फक्त एक लाख, कारण सेवा एकाच महिन्याची दिली आहे. ११ लाख हे अजून गिऱ्हाइकाचे देणे आहे, कामाच्या रूपात. आता संस्थापक गुंतवणूकदाराला पत्र लिहायला बसतो. एप्रिलमध्ये १२ लाखांची विक्री, हे वाक्य खरे आहे. त्याला बारांनी गुणून वार्षिक उत्पन्नाचा वेग १ कोटी ४४ लाख, हे वाक्य खोटे आहे. खरा आकडा १२ लाख. पत्रात कोणते वाक्य जाते ते पाहावे. कागदाचा हा प्रश्न किती मोठा होऊ शकतो ते ऑनलाइन शिकवणीच्या बायजूज या कंपनीच्या बाबतीत दिसले: २०२०-२१ चे निकाल वर्ष संपून जवळजवळ दीड वर्षाने, सप्टेंबर २०२२ मध्ये आले, तोटा ४,५८८ कोटी रुपये निघाला, आणि अभ्यासक्रमाची फी कोणत्या वर्षाच्या उत्पन्नात धरायची याची बदललेली पद्धत हे त्यामागचे एक कारण कंपनीनेच सांगितले. पुढच्या जूनमध्ये लेखापरीक्षक राजीनामा देऊन गेले आणि जुलै २०२४ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात दाखल झाले. बाकीचे आरोप-प्रत्यारोप न्यायालये पाहून घेतील. मला त्यातून एवढेच घ्यायचे आहे की फी हातात आली म्हणजे ती कमावली असे मानण्याची सवय एकट्या-दुकट्या लबाडाची नसते, धंद्याच्या हवेतच असते.

यावर जाणते लोक म्हणतात, हे सगळे ठीक, पण संस्थापकाला खरे बोलणे परवडत नाही. जे अजून नाही ते आहे असे दाखवल्याशिवाय भांडवल मिळत नाही. जगातली प्रत्येक मोठी कंपनी एकेकाळी थाप होती. या आक्षेपात अर्धे तथ्य आहे आणि त्या अर्ध्याला मी मान देतो. भविष्याबद्दल अतिरेकी आशा बाळगणे हा संस्थापकाचा अधिकार आहे, किंबहुना नोकरीच आहे. पाच वर्षांत दहा शहरांत पोहोचू, असे म्हणणाऱ्याला कोणी खोटारडा म्हणू नये, तो पुढे एकाच शहरात बुडाला तरीही. पण आज किती शहरांत आहोत हा आशेचा विषय नाही. आज खात्यात किती आहे, किती गिऱ्हाइकांनी पैसे भरले, किती जण सोडून गेले, यंत्र चालते की नाही, या प्रश्नांची उत्तरे वर्तमानकाळात द्यायची असतात. गुंतवणूकदार स्वप्नाची किंमत स्वतः ठरवतो, त्यात तो चुकला तर त्याची चूक. पण ती किंमत ठरवायला त्याला आजची स्थिती खरी मिळायला हवी. तीच खोटी मिळाली तर त्याच्या संमतीला अर्थ उरत नाही. बुडण्याला त्याने संमती दिली होती, फसण्याला नाही.

दुसरा आक्षेप श्रीमंतीचा. गुंतवणूकदार गडगंज असतो, त्याचे काय बिघडते? भावनिकदृष्ट्या हा आक्षेप फार प्रभावी आहे, आणि वस्तुस्थितीने तो चुकीचा आहे. फंड चालवणारे भागीदार स्वतःचा पैसा थोडाच घालतात. त्यांना साधारण दोन टक्के व्यवस्थापन फी आणि नफ्यातला वीस टक्के वाटा मिळतो. बहुतेक पैसा विद्यापीठांच्या निधींचा, विमा कंपन्यांचा, निवृत्तिवेतन निधींचा असतो. एफटीएक्स ही क्रिप्टो कंपनी नोव्हेंबर २०२२ मध्ये कोसळली तेव्हा कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताच्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाचे साडेनऊ कोटी डॉलर शून्य झाले. भारतात सेबीच्या नियमांप्रमाणे अशा फंडात पैसे घालायला किमान एक कोटी लागतात, म्हणून सामान्य माणूस यात नाही असे वाटते. पण २०१६ साली केंद्र सरकारने १०,००० कोटींचा निधी सिडबीमार्फत याच फंडांत घालण्याचे ठरवले. तो करदात्याचा पैसा आहे. तेव्हा समोर बसलेला जाकीटवाला श्रीमंत असेल, त्याच्या मागे रांगेत उभे असलेले लोक नसतात.

याज्ञवल्क्याच्या यादीतला गाफीलपणा हा शब्द संस्थापकाच्या रोजच्या व्यवहारात उतरवला तर अनेक ठिकाणी बोट ठेवता येते. १० मार्च २०२३ ला सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा हजारो स्टार्टअपचा पैसा त्या एका बँकेत होता, आणि अमेरिकेतला ठेवविमा अडीच लाख डॉलरपुरता. दोनच दिवसांत सरकारने सर्व ठेवी सुरक्षित असल्याचे जाहीर केले म्हणून पगार झाले. बँक बुडणे हे दैव म्हणता येईल; सगळा पैसा एका ठिकाणी ठेवणे हे दैव नव्हे. पण या बाबतीत मी फार कठोर होणार नाही. बँकेवर विश्वास ठेवणे हा काही मोठा अपराध नाही, आणि काही गुंतवणूकदारच आपल्या कंपन्यांना तिथे खाते ठेवायला सांगत होते.

कठोर व्हायचे ते स्वतःच्या खिशाच्या बाबतीत. स्मृतीत ठेवीचा नियम असा की राजा, दैव किंवा चोर यांनी नेलेली ठेव परत मागता येत नाही. पण ठेव ज्याच्याकडे आहे त्याने तिच्यावर स्वतः जगायला सुरुवात केली तर त्याला दंड, आणि रक्कम व्याजासह परत. एफटीएक्समध्ये गिऱ्हाइकांच्या ठेवी संस्थापकाच्याच दुसऱ्या कंपनीकडे वळल्या आणि त्याला २०२४ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली, हे या नियमाचे सरळ उदाहरण. गुंतागुंतीचे उदाहरण कार्यालयाच्या जागा भाड्याने देणाऱ्या वीवर्कचे आहे. तिथला संस्थापक स्वतःच्या मालकीच्या जागा स्वतःच्याच कंपनीला भाड्याने देत होता, आणि ‘वी’ या नावाच्या हक्कासाठी कंपनीने त्याच्याशी संबंधित संस्थेला ५९ लाख डॉलर दिले; बोभाटा झाल्यावर ते परत आले. यात काही लपवलेले नव्हते, २०१९ च्या शेअरविक्रीच्या कागदपत्रांत सगळे छापलेले होते. मग बिघडले काय? बिघडले हे की घेणारा आणि देणारा एकच माणूस होता. आपला २०१३ चा कंपनी कायदा कलम १६६ मध्ये संचालकाला हेच बजावतो: गैरवाजवी फायदा घेतला तर तेवढीच रक्कम कंपनीला भरावी लागेल. संस्थापकाने पगार घेऊ नये, असा याचा अर्थ मुळीच नाही. उपाशी राहणारा संस्थापक हे आपल्याकडे उगाच पूजले जाणारे चित्र आहे. घरभाड्याच्या काळजीत असलेला माणूस परक्याचे वीस कोटी नीट सांभाळेल यावर माझा विश्वास नाही. घ्यावा तेवढा पगार संचालक मंडळासमोर ठरवून घ्यावा.

आता अध्यात्माकडे वळू, कारण या क्षेत्रात गीतेचा वापर फार होतो. दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक बुडालेल्या कंपन्यांच्या निरोपाच्या पत्रांना चांगला शोभतो: आम्ही कर्म केले, फळ हाती नव्हते. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘गीतारहस्य’ या पळवाटेला जागा ठेवत नाही. फळाची आसक्ती सोडणे म्हणजे कर्माची काळजी सोडणे नव्हे. उलट कर्म अधिक कुशलतेने आणि लोकांच्या भल्यासाठी करणे, असा त्यांचा सगळा रोख आहे. शिवाय अलिप्तता ज्याची त्याने स्वतःच्या वाट्यापुरती ठेवायची असते. तुकोबांनी सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत बुडवली ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पण परंपरेने सांगितलेला तिचा पहिला भाग आपण विसरतो: त्यांनी आधी वाटणी केली, धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या हिश्शाची खते त्याला देऊन टाकली, आणि पाण्यात सोडली ती फक्त स्वतःची. जगाच्या इतिहासातल्या थोर विरक्तांपैकी एक असलेल्या या माणसालाही भावाचे अर्धे माफ करण्याचा अधिकार आपल्याला नाही हे कळत होते. दुसऱ्याच्या पैशाबाबत निर्मोही होणाऱ्या संस्थापकाने ही वाटणी लक्षात घ्यावी.

आणि वाटणीचा हा मुद्दाच मला शेवटी सर्वांत अवघड वाटतो. सभापर्वात द्रौपदी जो प्रश्न विचारते तो भांडवलाच्या भाषेत आजही सुटलेला नाही. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला, मग मला पणाला लावण्याचा हक्क त्याच्याकडे उरला होता का? भीष्मांना उत्तर देता आले नाही. कौरव भावांपैकी स्पष्ट बोलला तो एकटा विकर्ण. स्टार्टअपचा संस्थापक बुडत्या महिन्यांत नेमके हेच करत असतो. खात्यात चार महिन्यांचे पैसे आहेत, भांडवलाचा नवा राउंड होईल अशी आशा आहे. तो जाहिरातीवर आणखी दोन महिन्यांचे पैसे लावतो. गुंतवणूकदाराने या डावाला संमती दिली होती. पण फर्निचरवाल्याने दिली नव्हती, सर्व्हरचे बिल थकलेल्या पुरवठादाराने दिली नव्हती, आणि ज्या मुलीने जुनी नोकरी सोडून इथे कमी पगार आणि थोडे ईसॉप, म्हणजे कंपनीचे शेअर घेण्याचे हक्क, घेतले तिने तर नाहीच. खात्यातली शिल्लक एका मर्यादेखाली गेली की तो पैसा गुंतवणूकदाराचा राहत नाही, या लोकांचा होतो. दिवाळखोरीच्या २०१६ च्या संहितेत रांगेचा क्रमही तसाच आहे: कामगार-कर्मचारी आणि घेणेकरी पुढे, प्राधान्य समभागवाले त्यांच्या मागे, साधे भागधारक सर्वांत शेवटी. कलम ६६ तर सांगते की कंपनी आता वाचत नाही हे ज्याला कळले किंवा कळायला हवे होते, आणि तरी ज्याने घेणेकऱ्यांचे नुकसान कमी करण्याची काळजी घेतली नाही, त्या संचालकाला स्वतःच्या खिशातून भरावे लागू शकते.

संस्थापक म्हणतील, चार महिन्यांवर थांबलो असतो तर आजच्या अर्ध्या मोठ्या कंपन्या जन्मल्याच नसत्या. खरे आहे, आणि म्हणूनच कुठे थांबायचे हा आकडा मी देणार नाही. धंद्याधंद्याप्रमाणे तो बदलतो. मागणे एवढेच की तो आकडा आधी ठरलेला असावा, लिहिलेला असावा, आणि ज्यांचा पैसा पणाला लागतो आहे त्यांना माहीत असावा. त्या महिन्यात ठरवायला बसणारा माणूस न्यायाधीश आणि आरोपी दोन्ही असतो. क्विबी या व्हिडिओ कंपनीने १७५ कोटी डॉलर उभे केले, एप्रिल २०२० मध्ये सेवा सुरू केली, लोकांनी पाहिली नाही, आणि सहा महिन्यांत बंद करण्याचे जाहीर करून उरलेले सुमारे ३५ कोटी डॉलर परत द्यायचे ठरवले. तिची टिंगल भरपूर झाली. मला मात्र ती टिंगल अन्यायाची वाटते. हातात पैसा असताना थांबणे हे या धंद्यातले सर्वांत दुर्मीळ काम आहे.

गुंतवणूकदारही यातून सुटत नाही. महिन्याला दुप्पट वाढ दाखव म्हणणारा, वाईट बातमी आणणाऱ्या संस्थापकाचा फोन न उचलणारा, पुढच्या राउंडपर्यंत आकडा गोंडस राहावा म्हणून डोळेझाक करणारा फंड खोट्याचा भागीदार असतो. पण समोरचा आंधळा झाला म्हणून आपले खोटे खरे होत नाही, त्यामुळे फंडाच्या पापाचा हिशेब वेगळा ठेवावा. ज्याच्या खात्यात आज परक्याचा पैसा आहे त्याने या महिन्याचे पत्र लिहिताना पहिल्या ओळीत बँकेतली शिल्लक लिहावी, दुसऱ्या ओळीत ती किती महिने पुरेल ते, आणि तिसऱ्या ओळीत पगार आणि पुरवठादारांची थकबाकी. उत्पादनाचे कौतुक त्याखाली लिहायला कोणाचीच हरकत नाही.